मध्येच थांबलेला धवला

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी ॲड. सुमन भोईर यांनी भिवंडीच्या न्यायालयात स्वतःच्या आईला बचावाची साक्षीदार म्हणून उभे केले. नाते त्यांनी न्यायाधीशांना आधीच सांगितले होते. आई बारकूबाई, वय शहात्तर, पूर्णा गावच्या धवलारीण. आगरी लग्नातले विधी धवले गाऊन पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय मांडवात काही पुढे सरकत नाही. लेकीने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही किती वर्षं धवले गाता?"

"अगो, मना 'तुमी' काय बोलतेस?" बारकूबाई म्हणाल्या. "घरान भांडून आलीस काय?"

न्यायाधीशांनी मान खाली घातली. सुमनताईंनी तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारला.

मी न्यायालयाच्या बातम्या करू लागलो त्याला पंधरा वर्षे झाली. तेव्हापासून सुमनताईंना पाहतो आहे. त्या फौजदारी खटले घेतात आणि फक्त आरोपीच्या बाजूने उभ्या राहतात. युक्तिवाद करताना हातात कागद नसतो, कारण आरोपपत्र पाठ असते. वकिलांच्या खोलीत चहा गार होत असतो आणि त्या डोळे मिटून, मान किंचित डोलवत पुटपुटत असतात. नव्या वकिलांना वाटते, बाई जप करतात.

हे पाठांतर आईचे. लहानपणी त्या आईचे तबक धरून मांडवामांडवांत जात. धवले कुठे लिहिलेले नव्हते. ओळ गाळली की आई मांडीला चिमटा काढी. पुढे एका पॉवरलूम मालकाच्या ऑफिसात नोकरी करत त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. लेकीने आपल्यामागे धवले चालवावेत ही आईची इच्छा मागे पडली. ती वकील झाली याचा भावकीला आनंद होता. फौजदारी कामे घेते म्हटल्यावर मात्र नाके मुरडली गेली. एका काकांनी जेवणाच्या पंगतीत "चोरांची वकीलीन" म्हटले. वाढायला उभ्या असलेल्या बारकूबाई म्हणाल्या, "नवऱ्याकरची धवलारीन येगली, नवरीकरची येगली. एकीकरचा कोनीच न्हाय गायला तर त्याला लगीन बोलशील काय?" आपण हे काम का करतो असे विचारले की सुमनताई आजही आईचे हेच वाक्य सांगतात.

अशिलाला त्या गुन्हा केला का, असे विचारत नाहीत. "सकाळी उठलास तिथून सांग. मधलं गाळू नकोस." एक लूमकामगार घाईघाईने म्हणाला होता, "मॅडम, गलती हो गयी." त्यांनी त्याला थांबवले. "गलती बाद में. पहले बता, चाय पी थी कि नहीं?"

बारकूबाईंची साक्ष झाली त्या खटल्यातला आरोपी दिनेश मानकोलीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत असे. गणेशपुरीत सायंकाळी पाच वाजता तिघांनी एका दुकानदाराला मारहाण केली. त्यांतल्या एकाची मोटारसायकल दिनेशच्या नावावर होती. ती त्या दिवशी चुलतभाऊ घेऊन गेला होता, असे दिनेश सांगत होता; दुकानदाराने मात्र तिसरा माणूस म्हणून दिनेशलाच ओळखले. कंपनीने निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नको म्हणून कळवले. शिक्षा झाली असती तर नोकरी गेली असती.

त्याच दिवशी पूर्ण्यात त्याच्या भाचीची हळद होती. व्हिडिओत तो मामा म्हणून, मांडवात तांदळाने पुरतात त्या चौकाजवळ पाट धरून उभा दिसत होता. पण व्हिडिओवर वेळ नव्हती, आणि व्हिडिओवाल्याने मूळ आवाज काढून सिनेमाची गाणी घातली होती. हे चित्रीकरण दुपारचेही असू शकते, असे सरकारी वकिलांचे म्हणणे होते.

सुमनताईंनी गाणी बंद करून व्हिडिओ पाहिला. दिनेश पाट धरून उभा होता त्याच दृश्यात, चौक पुरताना, बायकांची तोंडे हलत होती. मग सगळ्यांची एकदम थांबली, आणि दोनतीन मिनिटांनी पुन्हा हलू लागली. मधोमध त्यांची आई बसली होती. सुमनताई आईकडे गेल्या.

"आये, इथं का थांबलीस? मला पाणी प्यायलासुद्धा थांबू द्यायची नाहीस."

"बांग चालली व्हती ना," आई म्हणाली. "मशीद समोरच हाय. आमचे हलदीला ते भोंगा बारीक करतान, त्यांचे बांगेला आमी थांबतो."

मशिदीच्या चिटणीसांनी वेळापत्रक घेऊन साक्ष दिली. त्या दिवशी दुपारनंतरची बांग पाच वाजून पाच मिनिटांनी झाली होती. पूर्ण्याहून गणेशपुरीला जायला गाडीने तासभर लागतो.

त्या मंगळवारी सरकारी वकील बारकूबाईंच्या उलटतपासणीला उठले. "आजी, बांग दिवसातून पाच वेळा होते. ही कुठली?"

"दुपारची झाली तवा आमी मांडवाला उंबराची फांदी आनाया गेलो व्हतो. दिवेलागनीची झाली तवा पोरीला हलद लागत व्हती. चौकाला मधलीच."

"त्या दिवशी क्रम बदलला नसेल कशावरून?"

"तुमी आदी कोट घालता, मंग आतून शर्ट, असा व्हतं काय कदी?"

सरकारी वकिलांनी कोटाच्या बटणाकडे पाहिले आणि आणखी प्रश्न नसल्याचे सांगितले. लेकीने शाबासकी द्यावी म्हणून बारकूबाई थांबून राहिल्या. "साक्षीदार जाऊ शकतात," सुमनताई म्हणाल्या.

पंधरवड्याने निकाल लागला. दिनेश गणेशपुरीत होता हे सिद्ध झाले नाही, असे नमूद करून न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. बाहेर तो सुमनताईंच्या पाया पडायला वाकला. "माझ्या नको, आईच्या पड," त्या म्हणाल्या. "आणि गाडीची चावी कुणाला देत जाऊ नकोस."

कंपनीने निकालाची प्रमाणित प्रत मागितली. ती मिळाल्यावर पुढच्या सोमवारी सुमनताई स्वतः ती घेऊन मानकोलीला गेल्या. पहाऱ्यावरच्या माणसाने प्रत आत पाठवली आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. सात वाजता दिनेशने गेटवरच्या यंत्रावर कार्ड लावले आणि तो पहिल्या शिफ्टला आत गेला.