तळटीपेतले आभार

धुळ्याला लॉ करताना मी कॉलेजच्या कायदा-नियतकालिकाची संपादक होते. ते विद्यार्थीच चालवतात, म्हणजे वर्गात जे आपल्याला झापतात त्यांचेच लेख आपण तपासायचे. तळटीपेतला प्रत्येक निकाल उघडून शेवटपर्यंत वाचायचा, हा नियम. हे सुख काही औरच!

त्या वर्षी आमच्या सरांनी शेतरस्त्यांवर लेख दिला. सर वकिलीही करत, आणि सोनगीरजवळच्या आमच्या शेताच्या रस्त्याची केस त्यांच्याकडेच होती. उद्या आम्ही बांधावर हक्क सांगू या भीतीने शेजारचे आबा आमची बैलगाडी त्यांच्या बांधावरून जाऊ देईनात. सरांची सगळी भिस्त एका निकालावर होती: वर्षानुवर्षं वापरलेला रस्ता बंद करता येत नाही. लेखातही तोच निकाल होता.

मी तो उघडला. सरांनी लिहिलेलं सगळं त्यात होतं, पण ते हरलेल्या पक्षाचं म्हणणं होतं. शेवटच्या पानावर कोर्टाने ते फेटाळलं होतं. मालकाला विचारून वापरलेला रस्ता कितीही जुना झाला तरी हक्काचा होत नाही. आणि आम्ही तर आबांच्या वडिलांना विचारूनच गाडी नेत आलो होतो. गप्प बसावं तर अंकात खोटं छापायचं, बोलावं तर घरचा रस्ता जायचा.

दोन दिवस कुढले, मग सरांना सांगितलं. त्यांनी शेवटचं पान दोनदा वाचलं. एवढी वर्षं हा निकाल ते कोर्टात दाखवत आले होते आणि समोरच्या एकाही वकिलाने तो उघडून पाहिला नव्हता, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. त्यांनी लेख बदलला आणि तळटीपेत माझे आभार मानले.

त्या आभारांनीच घात केला. वडिलांनी अंक गावभर मिरवला आणि हुरळून जाऊन पारावर बसलेल्या आबांनाही दाखवला. आबांनी मला बोलावून घेतलं.

"काय लिखेल शे त्याम्हा?"

चार माणसांदेखत मी निकालाच्या शेवटच्या पानावरचं सगळं मराठीत सांगितलं. वडिलांच्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. चेहरा पार उतरला.

"म्हंजे मी जिंकनू?" आबांनी विचारलं.

मी मान खाली घालून हो म्हटलं.

आबांनी अंक मिटून वडिलांच्या हातात दिला. मग बांधाच्या दिशेने हात करून म्हणाले, "तुनी पोरनीच सांगं, बठ्ठासनी ऐकं. आते लई जाय तुनी गाडी."