मोडलेलं पारायण

पोटची पोर जुलाबाने सुकत चालली असताना पारायण मोडू नये म्हणून मी पाटावर बसून राहिले, हा माझा मूर्खपणा आधी कबूल करते. नातवंडं विचारतात, आजी, तू अशी होतीस? होते. सव्विसाव्या वर्षी माझ्याइतकी शहाणी बाई अख्ख्या घाटकोपरात नाही, अशी माझी खात्री होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही टेकडीच्या पायथ्याशी चाळीत राहायचो. त्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्यात गटार मिसळलं आणि वरच्या झोपड्यांपासून आमच्यापर्यंत घरोघरी जुलाब सुरू झाले. माझी मंदा तीन वर्षांची. ती बरी व्हावी म्हणून मी देवीच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण धरलं. अध्याय सुरू झाला की बोलायचं नाही, उठायचं नाही. सासूबाईंनी बजावलं होतं, "पाणी देऊ नकोस, पाण्याने आणखी होतात." मलाही ते पटलं होतं. मंदाने पाणी मागितलं की मी वाचता वाचताच बोट ओठांवर ठेवायचे. एवढी माझी भक्ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दारात आमची नेहमीची कोळीण मासे कापत होती. पारायण संपेपर्यंत माझ्या दाराकडे फिरकायचं नाही, असं मीच तिला ठणकावलं होतं. तिने तिथूनच आत पाहिलं. मंदाचे डोळे खोल गेले होते, रडली तरी पाणी येत नव्हतं. हात धुऊन बाई सरळ माझ्या घरात. मी अध्यायाच्या मध्यावर, डोळे वटारले.

"डोले कोनाला दाखवतेस? पोर चाललीय तुजी. ऊठ, स्टो पेटव."

"अगं, तिचं पारायण चाललंय," सासूबाई कळवळल्या.

"मंग पारायनाला सांग पोरीला पाजाया."

आणि मी उठले. कशी उठले ते आजही सांगता येत नाही. पाय माझे होते, बळ माझं नव्हतं. तिने तांब्याभर पाणी उकळून निववलं, प्रसादाच्या शिऱ्यासाठी काढून ठेवलेल्या साखरेतली मूठभर घातली, तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढं मीठ टाकलं, आणि मंदाला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने पाजत बसली. बाहेर पाटीतले मासे उन्हाने नासले, तरी ती हलली नाही. दुपारी पोरीला माझ्या मांडीवर दिलं, आणि थोड्या वेळाने मंदाने माझं लुगडं ओलं केलं. दीड दिवसात पहिल्यांदा पोरीला लघवी झाली. त्या ओल्या लुगड्याला हात लावून मी रडले. असा प्रसाद मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

मंदा सावरली तशा सासूबाई म्हणाल्या, पारायण मोडलंय, पहिल्यापासून धर. मी पोथी लाल फडक्यात बांधली आणि देवळात जाऊन महाप्रसादाचं मोठं पातेलं मागितलं. वरच्या वस्तीत असंच पाणी करून द्यायचं होतं. पुजारीबुवा म्हणाले, "देवीची भांडी आहेत ती. कुणाच्याही घरात जायची नाहीत."

"मग वरची पोरं कुणाची आहेत, बुवा?" असं विचारून मी पातेलं डोक्यावर घेतलं. ते हाका मारत राहिले. मी वळले नाही. आठवडाभर ते पातेलं टेकडीवर उकळत होतं. देवीचा कोप वगैरे झाला नाही. झाला तो सासूबाईंचा, आणि तो मी सोसला.

पोथी पुढे पुष्कळदा वाचली. देवीला मी रोज शरण जाते, फक्त हात जोडून झाले की आता या हातांनी काय करू, तेही तिलाच विचारते. ती सांगते. बहुतेक वेळा उठायलाच सांगते.

मंदा सावरली त्याच्या पुढच्या आठवड्यात कोळीण पाटी घेऊन आली, तेव्हा मी तिच्या पायांशी वाकले. म्हटलं, "मावशी, देवीनेच पाठवलं तुम्हाला." तिने माझे खांदे धरून मला उभं केलं.

"देवीला कशाला मधी घालतेस, बाय? माजी नात अशीच गेली. तवा तिला पानी पाज म्हनून सांगाया माज्या दारात कोन आलं नाय. म्हनून मी आले."