दिवाणाखालचा फासा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहिताना हात अडखळतो, पण आज तो अक्षरांपायी अडखळत नाहीये — ते माझं मला ठाऊक आहे.

दिल्लीत मी चौतीस वर्षं सरकारी गाडी चालवली. मागे साहेब बसायचे, पण रस्ता माझा. कुठल्या चौकात कधी गाड्या तुंबतात, कुठून वळसा घेतला की वेळ वाचतो, हे मला कुणी शिकवलेलं चालायचं नाही. चुकलोही कधीकधी. कबूल केलं नाही. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्येही तसंच. पोराला कुठल्या शाळेत घालायचं, गावी कधी जायचं, भिंतींना रंग कुठला — मी सांगायचो, आणि आमची ही, कमल, बरं म्हणायची. मला वाटायचं, हिला काही सांगायचंच नसतं. खरंच वाटायचं, की तसं धरून चालणं सोयीचं होतं?

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं मुलाकडे, महेशकडे, नोएडाला राहायला आलो. नात इरा तेव्हा नऊ वर्षांची. हिवाळ्यात हवा इतकी खराब, की पोरीला खाली खेळायला सोडायची सोय नाही. म्हणून सुनेने, प्रज्ञाने, एक खेळ आणला. एक पट, एक फासा, पाच सोंगट्या. मला वाटलं, लुडोचा काही प्रकार असेल. पण यात कुणी कुणाची सोंगटी मारायची नाही, सगळे एकाच बाजूचे. पाच प्रवासी डोंगरावर अडकलेत, वरून बर्फ येतोय, आणि त्याने गाठायच्या आत पाचही जणांना खालच्या गावात पोचवायचं. एक जरी मागे राहिला तरी सगळे हरले. वाट सगळ्यांनी मिळून ठरवायची, मग ज्याची पाळी त्याने फासा टाकायचा.

मी विचारलं, "मग हरवायचं कुणाला?"

प्रज्ञा म्हणाली, "बर्फाला, बाबा."

मला ते काही पटलं नाही. तरी बसलो. रविवारी जेवणं झाली की बाल्कनीतून जेवढं ऊन आत येईल तेवढ्यात, दिवाणाजवळ सतरंजी टाकून आम्ही पाचजण बसायचो. पहिल्याच दिवशी मी एक नियम घातला — फासा सतरंजीबाहेर गेला तर पुन्हा टाकायचा नाही. जिथे पडला तिथला आकडा धरायचा, आणि ज्याने टाकला त्यानेच वाकून बघायचा. आमच्या गावी असंच खेळायचे. महेश हसला, "बाबांचा नियम, बदलणार नाही."

पहिल्या रविवारी कमल गप्पच होती. दुसऱ्या रविवारी हळूच म्हणाली, "थांबा, थांबा. तो मागचा एकटा पडलाय. आधी त्याला घ्या." आम्ही थांबलो, मागच्याला घेतलं, आणि जिंकलो. त्यानंतर इरा दर पाळीला तिच्याकडे वळायला लागली. "आजी, बोलो ना, अब क्या?" आणि ही हनुवटी गुडघ्यावर टेकवून, पटाला हात न लावता, हवेतच बोट फिरवत वाट दाखवायची. त्या बोटाकडे चारही जण बघत असायचे. ते बोट मला आजही दिसतं. दुपारी बसल्या जागी दिसतं.

खेळापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण एक दिवस चहा पिताना म्हणाली, "लक्ष्मीबाई नगरला कुसुमकडे मी एकटीच जाईन म्हणते, मेट्रोने. इरा सांगत होती, कार्ड टेकवलं की दार उघडतं." कुसुम म्हणजे तिची क्वार्टरमधली जुनी मैत्रीण. इतक्या वर्षांत ही बाजाराच्या पुढे एकटी गेली नव्हती, मीच सोडायचो, मीच आणायचो. आता एकटी जाणार. मला आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. माझ्याकडचं काहीतरी कुणी काढून घेतंय, असं झालं.

आणि मग तो रविवार.

चार प्रवासी खाली पोचले होते. एकच उरला होता. त्याच्यापुढे दोन वाटा — लांबचा वळसा, नाहीतर पूल. पुलावर चार किंवा जास्त पडायला हवं, कमी पडलं तर पूल तुटतो. मी म्हटलं, वळसा. कमलने बोटांवर घरं मोजली आणि म्हणाली, "वळसा घेतला तर बर्फ गाठेल हो. पूलच."

इरानेही मोजलं. "आजी बिल्कुल सही बोल रही है."

"टाका बाबा, आईचं बरोबर आहे," महेश म्हणाला, आणि म्हणताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाळी माझी होती. मी जोरात टाकला. फासा उडाला आणि दिवाणाखाली गेला. नियमाप्रमाणे मीच गुडघे टेकून वाकलो. आत अंधार नव्हता, धूळ होती थोडी. फासा भिंतीपाशी होता. मला लांबचं चांगलं दिसतं, गाडी चालवलेली माणसं आम्ही.

पाच होते.

मी हात घालून फासा मुठीत घेतला, उठलो, आणि म्हणालो — "दोन."

पूल तुटला. इराचा चेहरा पडला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. मी म्हटलं, "ऐका हिचं अजून. जन्मात एकटी बसमध्ये चढली नाही, आणि आम्हाला रस्ते सांगते." कुणी हसलं नाही. हसली ती कमलच. म्हणाली, "खरंच हो, मला काय कळतंय." आणि चहा ठेवायला उठून गेली.

पुढच्या रविवारी ती मटार सोलत लांब बसली. इराने दोन-तीनदा हाक मारली, तर ही म्हणाली, "तुझ्या आजोबांना विचार गं, त्यांना रस्ते माहीत." आम्ही चौघं खेळलो. एकदा जिंकलोही. पण इरा उगाच मागे वळून बघायची, आणि होळीच्या आत खेळ आपोआप बंद पडला. कुसुमकडे जायचं तिने पुन्हा काढलं नाही. मीही नाही.

एकदा, फक्त एकदा, माझ्या गुडघ्याला तेल लावताना तिने विचारलं, "अहो, दोनच पडले होते ना?" तिला शंका होती? की नुसतंच विचारलं? मी म्हटलं, "मग काय मी खोटं बोललो?" ती म्हणाली, "तसं नाही," आणि तेल चोळत राहिली. सांगायची वेळ ती होती. समोर होती ती, तिचे हात माझ्या गुडघ्यावर होते.

दोन वर्षांनी तिला हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. माझ्याशी न बोलता तो सरळ तिच्या खाटेपाशी वाकला. "अम्माजी, ऑपरेशन करवाना है, या दवाई पर ही रहना है? दोनों में रिस्क है. आप बताइए, आप क्या चाहती हैं."

तिने आधी डॉक्टरकडे बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडल्यासारखं मला दिसलं. मग मान माझ्याकडे वळवली.

"इनसे पूछिए," ती म्हणाली.

आणि मी सांगितलं. नेहमीसारखं, लगेच. ऑपरेशन करा म्हटलं. चार दिवसांनी ती गेली. तिला काय हवं होतं, ते मला माहीत नाही.