मागच्या दाराचं ताट

कतारला, दोह्यात मी ज्यांची गाडी चालवतो ते साहेब म्हातारे अमेरिकन आहेत. तिकडच्या पेपरात आधी खून-मारामाऱ्यांच्या बातम्या लिहायचे, मग उभा जन्म हॉटेलांतल्या जेवणावर लेख. आता इथल्या पेपरात तेच करतात. सातवीतून शाळा सोडलेल्या मला त्यांनी कामावर ठेवलं, हे उपकार विसरत नाही. व्हिसाही त्यांच्याच हातात, म्हणून धाकधूकही कायम असते.

साहेब खोट्या नावाने टेबल घेणार, बिल स्वतः भरणार आणि गाडीत बसले की मला विचारणार, "तुला मागच्या दाराने काय दिलं?" ड्रायव्हरला काय वाढतात त्यावरून हॉटेल कळतं, असं त्यांचं मत. लेखाच्या शेवटी दोन ओळी माझ्या ताटाच्या असायच्या. मी दर वेळी म्हणायचो, "व्हेरी गुड, सर." ज्याचं खाल्लं त्याला नावं ठेवायची नाहीत, हेच आईने शिकवलेलं.

एकदा मुशैरिब भागातल्या एका हॉटेलामागे उभा राहून बिर्याणी खात होतो. अर्धी संपली होती. दार उघडंच होतं. वेटरने गिऱ्हाइकांच्या प्लेटा आणल्या, त्यांतला उरलेला भात हाताने निपटून पातेल्यात ढकलला, एक चघळलेलं हाडूक तेवढं वेचून फेकलं. आचाऱ्याने त्याच पातेल्यातून डाव भरला.

"घे रे भाई, पोटभर खा."

कुणाकुणाचं उष्टं! ताट तिथंच ठेवून गाडीकडे वळलो.

गाडीत साहेब खुशीत. "आजच लेख पाठवतो. तुझं ताट?"

"व्हेरी गुड, सर."

निघूनच गेलं तोंडातून. पुढच्या वळणावर गाडी कडेला घेतली आणि भडाभडा ओकलो. मग तोंडही न पुसता सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "आणि याआधीची ताटं?"

"तेव्हाही गुडच म्हणायचो, सर. काही तर खराब होती."

मी त्या पातेल्याकडे पाहिलं होतं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तो लेख गेला नाही. ड्रायव्हरच्या ताटाबद्दल आजवर लिहिलेलं खरं धरू नये, चूक त्यांची स्वतःची, असं साहेबांनी पेपरात छापलं. रूममधल्या नाशिकच्या फिटरने मला ते वाचून दाखवलं. "तुझं नाव नाही यात. सुटलास. यल्ला, चल, चहा टाक."

पुढच्या आठवड्यात साहेबांनी परत विचारलं. "गुड, सर," मी म्हणालो. त्यांनी लिहायची वही मिटून मांडीवर ठेवली.

"डाळ आंबली होती, सर."

तेव्हा वही उघडली. माझं पहिलं उत्तर ते आता लिहून घेत नाहीत.