शून्य टक्के आणि एक हाक

भूतं, झपाटणं, दृष्ट... या ग्रुपवरच्या अशा पोस्ट मी वाचते आणि काही न बोलता पुढे जाते. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हताच. पण परवा इथे कुणीतरी विचारलं, सेकंडहँड इलेक्ट्रिक कार घेताना काय बघावं? उत्तर लिहायला बसले, आणि ही गोष्ट गाळून ते पूर्ण होईना.

मी भंडाऱ्यात राहते, नोकरीला रोज अड्याळला जाते. गेल्या उन्हाळ्यात एजंटमार्फत जुनी इलेक्ट्रिक कार घेतली. सगळं नीट केलं. बॅटरी हेल्थ सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घेतली, एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबले नाही. बॅटरीची वॉरंटी माझ्या नावावर करून घेतली. मूळ चार्जर आणि दोन्ही चाव्या मागून घेतल्या. आधीच्या मालकाचं अकाउंट काढून सिस्टीम रीसेट केली. हे तुम्हीही करा.

मामा करडीहून गाडी बघायला आले. धानाची शेती करतात, आयुष्यभर बैल पारखलेत. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिला.

“पहिल्या मालकाले हाक विचारली का?”

“कसली हाक, मामा?”

“जुना बैल घेतला त विचारून घ्या लागते, बाई. कोणत्या नावानं चालते, ते. नाही त ऐन चिखलात बसते अन् तुह्या तोंडाकडे पाहते.”

मी हसले. मालकांशी माझं बोलणंच झालं नव्हतं. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की मला घाम फुटतो.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका रविवारी मी करडीला गेले. चार्ज कमी होता, पण मामांकडे लावू असा हिशोब. प्लग लावला तर चार्जरवर लाल दिवा. घराला अर्थिंगच नव्हतं! (कुणाच्या प्लगच्या भरवशावर निघू नका. आधी अर्थिंग विचारा.)

“आमचा चारा नाही चालत वाटते तुह्या बैलाले!” शेतात निघालेली मामी म्हणाली.

दुपारी धानाच्या बांधावर मामीच्या पायाला साप चावला. लोकांनी तिला उचलून घरी आणलं. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, गावात दुसरी गाडी मिळेना. मामीला मागच्या सीटवर निजवलं, मामा माझ्या शेजारी बसले, आणि आम्ही भंडाऱ्याच्या दवाखान्याकडे निघालो.

एसी बंद, वेग एकसारखा — कमी चार्जवर हेच करायचं असतं. आकडा उतरत गेला. शून्यानंतरही गाडी थोडी चालते हे मला माहीत होतं. तेवढी ती चालली. मग दोन्हीकडे पाण्याने भरलेली शेतं, रस्त्यावर कुणी नाही, आणि स्क्रीन काळी. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं... काही नाही.

“डोळे झाकून राहिले जी माहे,” मागून मामी म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता.

मामांनी डॅशबोर्डवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. “चाल गा, बुधराम! चाल बापा!”

स्क्रीन उजळली. आकडा शून्यच. पण गाडी निघाली... रखडत नाही, नेहमीसारखी. थेट दवाखान्याच्या दारापर्यंत.

मामी वाचली. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. गाडी मात्र त्या दारातून हलली नाही, टो करून न्यावी लागली. सर्व्हिस सेंटरने तपासलं. बॅटरी चांगली, आकडाही बरोबर. “बंद पडल्यावर एवढं अंतर? शक्य नाही, मॅडम.”

मामांना विचारलं, बुधराम कोण?

“कोण जाने, बाई. तोंडातून निघालं. आपल्या गोठ्यात ह्या नावाचा बैल नव्हताच कधी.”

मग मी तो फोन केला. आधीचे मालक तुमसरचे, रिटायर्ड शिक्षक. “सर, तुम्ही गाडीला काही नावाने हाक मारत होता का?”

त्यांनी उलट मलाच विचारलं, “काहून? थांबली का कुठी?”

“हो, सर.”

“मिसेसनं ठेवलं होतं नाव. बुधवारी आणली न आम्ही, म्हणून बुधराम. आता ती नाही... माझं ऐकतच नव्हता तो. तिचंच ऐके.”

एजंटकडून मामांच्या कानावर नाव आलं असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. मामा त्याला कधी भेटलेच नाहीत. आणि नाव कानावर आलं असतं, तरी रिकाम्या बॅटरीला त्याचं काय?

तरी सांगते, जुनी इलेक्ट्रिक कार बिनधास्त घ्या. हेल्थ तपासा, वॉरंटी बघा, अर्थिंग बघा. मामांच्या घरीही आता अर्थिंग झालंय, दिवा हिरवा लागतो. आणि लाज वाटली तरी पहिल्या मालकाला फोन कराच.

मी रोज सकाळी बटण दाबण्याआधी पार्किंगमध्ये कुणी नाही ना, ते बघून घेते. मग हळूच म्हणते... चाल गा, बुधराम.