राणी रंगाचं कव्हर

पुण्याहून भाचीचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी पोचले होते. नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून तिनं आपल्या बाबांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, नवा स्मार्टफोन घेऊन पाठवला होता. महिना झाला तरी तो फोन डब्यातच होता.

"आत्या, मी विचारलं की म्हणतात, हातातून सटकते, पडन-बिडन. तुम्ही त्यांना एक चांगलं कव्हर घेऊन द्या ना. त्यांच्या पसंतीचं. मग तरी वापरतील."

मी हो म्हटलं, पण मनातून अवघडले. दादाशी माझं नीट बोलणं होऊन वर्ष उलटलं होतं. भांडण झालं नव्हतं. भाचीचा साखरपुडा होता त्या आठवड्यात माझ्या घरी यांना डेंग्यू झाला, प्लेटलेट खाली आल्या, आणि मी दवाखाना सोडून दादाच्या गावी, शेंदूरजनाघाटला जाऊ शकले नाही. फोनवर सांगितलं, तेव्हा दादा "बरं, बरं, तू पाह्य तिकडलं" एवढंच म्हणाला. त्यानंतर अकोल्याला एका नात्यातल्या लग्नात मी मांडवाच्या कडेला बायकांत बसले होते. दादा समोरून आला. मी हात केला, "दादा" म्हणून हाकही मारली. बँड वाजत होता, हाक ऐकू गेली नसेल; पण तो माझ्या इतक्या जवळून गेला की त्याच्या शर्टाची बाही मला लागली. त्यानं मान वळवली नाही. जेवणावळीत मी मुद्दाम त्याच्या पंगतीला गेले नाही. घरी येताना बसमध्ये रडले. तेव्हापासून फोन वहिनीलाच करायचा, तिच्याकडूनच खुशाली विचारायची, असं चाललं होतं.

भाचीनं दोन्हीकडून फोन करून जमवलं आणि एका रविवारी दादा माझ्याकडं अमरावतीला आला. पूर्वी तो वरूड-मोर्शीमार्गे मोटरसायकलनं सरळ माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवायचा. या वेळी बसनं आला. गाडी बिघडली, म्हणाला. वहिनीनं मागेही एकदा हेच कारण सांगितल्याचं मला आठवलं. बसस्टँडवर मी त्याच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले, तरी तो समोरच बघत होता.

"दादा, चाल," मी म्हटलं, तेव्हा तो हसला. मला ते हसणं उशिराचं वाटलं. अजून राग आहे, असं मी धरून चालले.

स्कूटीवर मागे बसून तो माझ्या खांद्याला घट्ट धरून होता. राजकमल चौकाजवळच्या एका गल्लीत मोबाईलच्या कव्हरांची छोटी छोटी दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात माझं जाणंयेणं होतं. तिशीतली एक बाई ते चालवते, बोलायला गोड. बाहेर ऊन रणरणत होतं आणि दुकानात एकच ट्यूबलाईट. दादा उंबऱ्याशी थांबला, पायानं पायरी चाचपली आणि मग आत आला.

"काका, तुमच्या मॉडेलचा लय माल हाय," ती म्हणाली. "पाकिटासारखं पाहिजे का साधं?"

"दाखवा जे असन ते."

तिनं आधी झाकणाचं कव्हर दिलं, तपकिरी, चामड्यासारखं दिसणारं. मला एकदम आवडलं. त्याच्या वयाला शोभेल असं होतं. दादानं फोन त्यात बसवला, झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "दोन्ही हात लागतात याले. नोको." मग पारदर्शक दिलं. त्यावर अंगठा फिरवून लगेच परत केलं. "हे तर फोनसारखंच हाय, गुळगुळीत." तिनं जाड कोपऱ्यांचं, पडलं तरी फुटणार नाही असं दाखवलं. ते त्यानं उलटं केलं, सुलटं केलं, बाजूची बटणं दाबून पाहिली. "बटन दबतच नाही याचं."

असं करत गल्ल्यावर कव्हरांचा ढीग झाला. दुकानातली बाई न कंटाळता काढत होती, पण मी कंटाळले होते. इतक्या चांगल्या चांगल्या वस्तूंकडं तो धड बघतही नव्हता. हातात घ्यायचा, नजर समोरच्या भिंतीवर, आणि नाही म्हणायचा. मला वाटलं, माझ्यासोबत यायचंच नव्हतं याला. लेकीनं गळ घातली म्हणून आला.

"दादा, घे ना एखादं. काहून एवढी तपासणी करून राहिला?"

"थांब ना वं जरा. रोज वापराची वस्तू हाय."

ढिगातून त्यानं स्वतःच एक उचललं. फोन बसवला. अंगठा मागच्या बाजूनं वर सरकवला, कॅमेऱ्याभोवतीच्या उंच कडेशी थांबवला. मग खाली आणला. तिथं एका बाजूला उठावाची वेल होती, ती बोटानं पाहिली. बाजूचं फुगीर बटण दाबलं. हातातल्या हातात फोन फिरवला आणि पुन्हा अंगठा बरोबर कॅमेऱ्यापाशी. त्याचा चेहरा सैल झाला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"हे द्या. हे एकदम बरोबर हाय," तो म्हणाला. "काळं बरं असते, मळत नाही."

दुकानातली बाई माझ्याकडं बघायला लागली. मी कव्हराकडं बघितलं. ते गडद राणी रंगाचं होतं. वेलीच्या फुलांवर सोनेरी चमकी. कॉलेजच्या पोरी वापरतात तसलं.

ती म्हणणारच होती, "काका, हे काळं..." मी तिच्या हातावर हात ठेवला.

बिघडलेली मोटरसायकल, बसस्टँडवरची ती नजर, चाचपलेली पायरी, सगळं एकाच वेळी डोक्यात आलं. पैसे देऊन, काही न बोलता बाहेर पडावं, असंही वाटलं. पण गावात कोणीतरी त्या कव्हरावरून त्याला हसलं असतं, आणि बहिणीनं सांगितलं नाही हे त्याला कळलं असतं.

मी त्याच्याजवळ सरकले. "दादा, हे काळं नाही. राणी रंगाचं हाय. वरतं चमकीची फुलं हायेत."

त्याची बोटं वेलीवर थांबली.

"काळं नाही?"

"नाही."

दुकानातल्या बाईनं काही न विचारता एक स्टूल पुढं केलं. "बसा काका," म्हणाली, आणि पाठ करून वरच्या फळीवरचे डबे नीट लावायला लागली. दादा बसला. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मी उभीच. बाहेर कुणीतरी ऑटोवाल्याशी हुज्जत घालत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग दादानंच विचारलं, "ताई, असंच काळ्यात नाही काय तुमच्याजवळ? ह्याच वेलीचं?"

"नाही ना काका. हा डिझाईन लेडीजमध्येच येते."

तो थोडा वेळ फोन हातात फिरवत राहिला. "मंग राणीच असू द्या," तो म्हणाला. "मले कुठी दिसते? ज्याले दिसन तो पाहीन."

आणि तो हसला. मोकळं, पोटातून, लहानपणी संत्र्याच्या बगिच्यात पाटाच्या पाण्यात मी घसरून पडले की हसायचा तसं. दुकानातली बाईही वळून हसली. मला हसू आणि रडू बरोबरच आलं.

तिथून आम्ही चटणी-दह्यातला गिला वडा खायला गेलो. कोपऱ्यातलं टेबल धरलं. त्याच्या प्लेटमध्ये चमचा ठेवून मी विचारलं, "केव्हापासून हाय हे?"

"दोन-तीन वर्षं झाली. समोरचं दिसते मले, पण बाजूचं काही दिसत नाही. उजेडातून आत आलो का मंग तर काहीच नाही. रंग असे धुवून निघाल्यासारखे दिसतात." त्यानं वड्याचा घास घेतला. "अकोल्याले जाऊन दाखवलं होतं मी. एकटाच गेलतो. इथी, नाही तर वरूडले दाखवलं असतं तं कोणी ना कोणी ओळखीचं भेटलं असतं. डॉक्टर म्हणे काचबिंदू हाय. थेंब देले. घातले काही महिने. मंग संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड आली, थेंब सरले, राहूनच गेलं."

"आन् वहिनीले?"

"तिले काय माहीत नसते? पण मी बोललो नाही म्हून तीबी बोलली नाही. आमचा जुना फोन होता ना बटनाचा, तो मी नुसत्या बोटानं लावत होतो. कोणाले समजत नव्हतं. हा नवा आला आन् मले समजेचना वरचं कोणतं, खालचं कोणतं. पोरीले काय सांगू? तिनं एवढ्या हौसेनं धाडला."

मग मी ते विचारलंच. "दादा, अकोल्याच्या त्या लग्नात तू माह्या बाजूनं निघून गेला. मी हात केला होता तुले."

त्याचा चमचा थांबला. "तू माह्या बाजूलेच होती? केव्हा?"

"तुह्या शर्टाची बाही लागली मले."

"अवं बाई!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. "मले तुह्या वहिनीनं घरी गेल्यावर सांगितलं, तू लग्नात होती म्हून. मी म्हटलं, आली आन् मले भेटलीबी नाही, जेवाले बाजूले बसली नाही. मले वाटलं, तुह्या घरच्या दुखण्यात मी दवाखान्यात आलो नाही, त्याचा राग धरून बसली. मी गाडी चालवू शकत नव्हतो ना तवा. कोणत्या तोंडानं सांगू?"

वर्षभर आम्ही दोघं एकमेकांच्या रागाला भीत होतो, आणि राग कुणालाच नव्हता. मी पदरानं डोळे पुसले. त्यानं टेबलावर हात पुढं केला, पण तो पाण्याच्या ग्लासाला लागला आणि पाणी सांडलं. पुन्हा हसलो. गिला वड्याची आणखी एक प्लेट मागवली. माझ्या अंगावरून कापसाचं गाठोडं उतरवावं तसं हलकं वाटत होतं.

त्या संध्याकाळी दादानं भाचीला माझ्याच फोनवरून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली, आणि मग दुसऱ्या दिवसापासून पुण्याहूनच त्याला नवा फोन शिकवायला लागली. स्क्रीनवर बोट ठेवलं की फोन मोठ्यानं वाचून दाखवतो, अशी सोय त्यात असतेच. पहिले काही दिवस तो फोन इतका भराभर बोलायचा की वहिनी वैतागली. "घरात दुसरी बाई आणली यायनं, दिवसभर बोलूनच राहिली," असं तिनं मला सांगितलं. पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आवाजाचा वेग कमी कसा करायचा, ते तिनंच शोधून काढलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं अकोल्याला त्या डॉक्टरांकडं गेलो. बाकावर बसून असताना वहिनी नुसती पदराचं टोक पिळत होती. मी मनात वाईटातलं वाईट धरून बसले होते. डॉक्टरांनी तपासायला वेळ घेतला, यंत्रावर दादाची हनुवटी टेकवून दोन्ही डोळे पाहिले, आणि मग खुर्ची आमच्याकडं वळवून सांगितलं, "गेलेली नजर परत येणार नाही. पण मधली नजर शाबूत आहे. थेंब नियमित घातले तर आहे ती सांभाळता येईल. मात्र आता बंद करायचे नाहीत."

"बंद होत नाहीत आता," वहिनी म्हणाली. "मी घालतो यायच्या डोळ्यात." आमच्याकडच्या बायकांसारखं तिनं 'घालते'चं 'घालतो' केलं, आणि डॉक्टर हसले. मग त्यांनी मलाही यंत्रापुढं बसवलं. हा आजार भावंडांत असू शकतो म्हणे. माझे डोळे ठीक निघाले. तेव्हा दादानं जेवढा मोठा सुस्कारा सोडला, तेवढा स्वतःच्या वेळीही सोडला नव्हता.

दवाखान्यातून निघालो तेव्हा दुपार झाली होती. स्टँडच्या वाटेवर एका भोजनालयात शिरलो. वाढप्यानं ताटं आणून ठेवली आणि तो वळणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "भाऊ, मले कमी दिसते. ताटात कुठी काय हाय ते सांगता का जरा?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. चारचौघांत हे वाक्य त्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि मीही.

वाढपी थांबला. त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. "हे पाहा काका, तुमच्या समोर वांग्याची भाजी, डाव्या हाताले वरण, त्याच्या वरतं ठेचा हाय, तो जपून. भाकरी उजवीकडं. कांदा देऊ का आणखी?"

"दे. आन् भाकरी गरम असन तं आणखी एक आण," दादा म्हणाला आणि जेवायला लागला. वहिनीनंही त्या दिवशी पोटभर खाल्लं. मी तर ठेच्यानं नाक-डोळे गळेस्तोवर जेवले.