उकिडवा गुणाजी

गुणाजी चोर नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. माझा गाववाला तो, भांडुपच्या चाळीत शेजारीसुद्धा. ब्याऐंशीच्या गिरणी संपात कामावर निघालेल्या एकाचं डोकं फोडलं आणि तीन वर्षं आत गेला. सुटल्यावर मुलुंडच्या ज्या वर्कशॉपात मी लेथवर होतो, तिथेच त्याला चिकटवला. मालकाला छाती ठोकून म्हटलं, "जबाबदारी माझी."

आतलं तो फारसं बोलायचा नाही. एकदाच बोलला. पहिल्या वर्षी म्हणे सुतारकामाच्या शेडमध्ये एक म्हातारा जमादार कैद्यांतच बसायचा, नावाने हाक मारायचा. तिथे कधी मारामारी झाली नाही. मग ह्याला हलवलं मोठ्या बराकीत. दोनशे माणसं खाली आणि साहेब वर सज्जात. साहेब ओरडला की सगळ्यांनी उकिडवं बसायचं, मान खाली, हात डोक्यावर. उशीर झाला की दांडका.

"वरून माणूस दिसत नाय रे दत्ता," तो म्हणाला, "नुसती टकली दिसतात."

आणि खाली कोण कोणाला काय शिकवतोय, ते सज्जातून कोण बघणार, कप्पाळ!

चार महिने झकास गेले. त्याची बायको जानकी परत हसायला लागली होती. मग एका दुपारी जाडी मोजायचा महागडा मायक्रोमीटर हरवला. मालकाने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि ओरडला, "कोणी हलायचं नाही!" तर गुणाजी मटकन खाली. उकिडवा. मान खाली, हात डोक्यावर.

ऊठ मेल्या, ऊठ! मी ओरडत होतो, पण मनातल्या मनात. अंबादास फोरमन हसला, "चोराच्या मनात चांदणं." मालकाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझा काय संबंध?"

तिथल्या तिथे त्याला हाकलला. मायक्रोमीटर दुसऱ्या दिवशी अंबादासच्याच खणात सापडला. गुणाजीला परत बोलवायला कोणी गेलं नाही. मी तरी कुठल्या तोंडाने जाणार? बाकीच्या वर्कशॉपवाल्यांनी 'तुरुंगातला' म्हणून दारातूनच परतवला. बराकीतला दोस्त मात्र लगेच भेटला. दोघांनी घाटकोपरला दुकानाचं शटर फोडलं. ते शिक्षण सरकारी खर्चाने झालेलं!

शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात जानकीने मला बघून पाठ फिरवली. गुणाजी बेड्यांत होता. शिव्या घालील म्हणून मी तयारीत होतो. तो हळूच म्हणाला, "'घेतलास काय रे?' एवढा तरी विचारायचा होतास."

काय सांगू त्याला? मी विचारलं नाही, कारण मलाही वाटलं होतं, ह्यानेच घेतला.